खाडीकाठची पोरं, कुंडलिकेचं पाणी

ठाणं सोडून कळव्याकडे जाताना लोकल खाडी ओलांडते, तेव्हा डब्यातलं कुणी मान वर करत नाही. ओहोटीच्या वेळी वास आलाच तर रुमाल नाकाशी जातो, इतकंच. १८५४ साली रेल्वे ही खाडी ओलांडून कल्याणला पोचली. त्याआधी या मुलखाचा हमरस्ता पाण्यावरून जात होता. कल्याण हे सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख सापडतात. १६५७ मध्ये शिवरायांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पुढे कल्याणच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. ठाण्याला तर आपण मोठ्या कौतुकानं तलावांचं शहर म्हणतो. असं चहूकडे पाणी असूनही इथल्या नववी-दहावीतल्या पोरांत हातात वल्हं धरलेलं पोर शोधावं लागतं. मासुंदा तलावावर पायडल मारायची बोट आणि सुट्टीत वॉटरपार्कची घसरगुंडी, एवढीच त्यांची पाण्याशी ओळख.

ही ओळख जरा पुढे न्यावी, म्हणून डोंबिवली-ठाण्यातल्या आम्ही काही पालकांनी दिवाळीच्या सुट्टीत मुलांना होडी वल्हवायला न्यायचं ठरवलं. मुलं तेरा ते सोळा वयाची, त्यामुळे नेमक्या नको तितक्या उत्साहाची. एकाला ‘रॅपिड्स’ हवे होते, दुसऱ्याला रील्स. मला मात्र त्यांना संथ पाण्यात बसवायचं होतं. मोठ्या फुगवलेल्या रॅफ्टमध्ये पोरं प्रवासी असतात. मागे गाइड बसलेला असतो, तो सांगेल तेव्हा वल्हं मारायचं आणि लाट आली की किंचाळायचं. दोघांच्या छोट्या होडीत असं चालत नाही. तिथे आपण वल्हवलं नाही तर होडी जागची हलत नाही, आणि चुकीचं वल्हवलं तर गोल फिरते.

पहिला विचार अर्थातच घरच्या नदीचा आला. उल्हास बोरघाटाच्या डोंगरातून उतरते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणच्या अंगाला येते. शहापूर-मुरबाडकडून येणाऱ्या भातसा आणि काळू या नद्यांचं पाणी तिला मिळतं आणि पुढे ती वसईच्या खाडीत जाते. नकाशावर पाहिलं तर पोरांना शिकवायला याहून सोयीची नदी नाही. पण कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी तिच्यात आणि वालधुनी नदीत इतकं गेलं, की २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला त्यासाठी कोट्यवधी रुपयांची भरपाई ठरवावी लागली. कल्याणच्या आसपास जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला की खाली पाणी आहे हेही कळत नाही. अशा पाण्यात पोरगं उलटलं आणि चार घोट पोटात गेले तर पुढचा आठवडा दवाखान्यात. पावसाळ्यात तर लेप्टोची भीती आणखी वेगळी.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. खाडीतली रेती एके काळी हातपाटीनं निघायची. डुबी मारणारा माणूस बादली घेऊन तळाशी जायचा आणि रेती भरून वर यायचा. त्याच्या जागी सक्शन पंप आले आणि तळाला खोल खड्डे पडले. काठावर गुडघाभर पाणी आहे म्हणून पाऊल टाकावं, तर दुसरं पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात. मोठागावच्या किंवा रेतीबंदरच्या काठावर वाढलेला कुठलाही जुना माणूस हे सांगेल. तेव्हा उल्हास रद्द. निदान आज तरी.

खाडीकडून पोरांनी एक गोष्ट मात्र शिकून घ्यावी असं मला वाटत होतं, आणि ती म्हणजे भरतीचं गणित. कोकणात जुन्या माणसांना याच्यासाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हे मुंबईच्या किनाऱ्याचं गणित; खाडीत जसजसं आत जावं तसतशी भरती उशिरा पोचते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. ज्या पोराला आईच्या कॅलेंडरवर तिथी कुठे छापलेली असते हेही ठाऊक नव्हतं, ते दोन दिवस घरातल्या सगळ्यांना भरतीच्या वेळा सांगत फिरत होतं. मोबाइलच्या अ‍ॅपशी ताडून पाहिलं, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक येतो. होडी बाहेर काढायला तेवढा अंदाज पुरतो.

हे गणित प्रत्यक्ष बघायला ऐरोली बरी. तिथे वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तिथून खाडीत बोटी सुटतात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. बोटीची वेळ भरतीवर ठरते, कारण ओहोटीला बोटीखाली चिखल येतो. रोहित पक्षी मोठ्या संख्येनं पाहायचे तर हिवाळा सरत आल्यापासून उन्हाळ्यापर्यंतचे दिवस चांगले. आम्ही गेलो तेव्हा तुरळक होते, पण कांदळवनाच्या मुळांवर पाणी कुठवर चढून गेलं याची खूण पोरांनी स्वतः शोधली. पाण्यावर जाण्याआधी पाणी बघायला शिकावं, यासाठी ती एक सकाळ पुरेशी होती.

मग होड्यांसाठी कोलाड. ठाणे-डोंबिवलीहून गाडीनं पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे असा मुंबई-गोवा महामार्ग धरता येतो. पण पोरं बरोबर असतील तर दिव्याहून रेल्वे उत्तम. सकाळची दिवा-सावंतवाडी गाडी पकडली की रोह्यानंतर कोकण रेल्वेचं पहिलं स्टेशन कोलाड. दिव्याला त्या गाडीत चढणं हा स्वतंत्र साहसी प्रकार आहे. त्याचं प्रशिक्षण डोंबिवलीच्या पोरांना जन्मतः मिळालेलं असतं.

कोलाडची कुंडलिका ही गंमतशीर नदी आहे. दिवाळीनंतर सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या नद्या आटायला लागतात. तशी हीदेखील आटली असती. पण तिला रोज पाणी येतं ते घाटावरून. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर टाटांनी मुळशीला धरण बांधलं, ते पाणी बोगद्यांतून आणि मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडलं आणि १९२७ मध्ये तिथलं वीजकेंद्र सुरू झालं. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या; १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध. एरवी हे पाणी मुळा-मुठेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. आता ते भिऱ्याच्या चक्रांवरून कुंडलिकेत पडतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. वीज करून झाली की सकाळी पाणी सुटतं, आणि त्या पाण्यावर कोलाडचं रॅफ्टिंग चालतं. आसपासच्या गावांतली कितीतरी तरुण पोरं आज या नदीवर गाइड म्हणून काम करतात. मुंबईच्या विजेसाठी गावं बुडाली आणि सुट्टीत मुंबई-ठाण्याची पोरं त्याच पाण्यावर खेळायला येतात, हे मी मुलांना सांगितलं. एक मुलगी म्हणाली, “काकू, म्हणजे आपलं बिल भरलं की यांना पाणी मिळतं?” हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

पहिली दुपार साचलेल्या पाण्यावर. कोलाडजवळ डोलवहाळचा बंधारा आहे, त्याच्या मागे नदी रुंद आणि संथ होते. काठावर झाडी, मध्येच खंड्या सूर मारतो, पलीकडे सह्याद्रीची भिंत. आमच्या शिबिरात कयाकही होते आणि दोघांच्या उघड्या कनूही. कयाकमध्ये पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावं-उजवं मारायचं; ते पोरांना पाच मिनिटांत जमतं. कनूत बाकावर बसायचं किंवा गुडघे टेकायचे, आणि वल्ह्याला पातं एकच. पुढे बसणारा होडीचा जोर, मागे बसणारा तिचं सुकाणू. खरी परीक्षा इथे.

दोन मित्र, दोघेही डोंबिवलीच्या एकाच शाळेतले, एकमेकांशिवाय पाणी न पिणारे, हट्टानं एकाच कनूत बसले. पहिल्या दहा मिनिटांत त्यांची होडी एकाच जागी घिरट्या घालत राहिली. पुढचा म्हणे मागचा चुकतोय, मागचा म्हणे पुढचा जास्त जोर लावतोय. गावातलाच एक गाइड, पोरं त्याला दादा म्हणत, काठावरून मजा बघत होता. तो पोहत गेला, होडीच्या कडेला हात टेकला आणि म्हणाला, “अरे, पाण्याशी कुस्ती कशाला खेळताय? वल्हं कडेला घासून मागे ओढ, आणि शेवटी बाहेर ढकल. असं.” मागच्या पोराच्या हातावर हात ठेवून त्यानं ते दोनदा करून दाखवलं. पातं पाण्यातून उभं मागे जातं आणि शेवटच्या वितीत मनगट वळून बाहेरच्या बाजूला निघतं. या शेवटच्या छोट्या ढकलण्यानं होडीचं नाक पुन्हा समोर येतं. इंग्रजी जे अक्षरासारखी ती रेघ उमटते, म्हणून तिला तेच नाव. तिसऱ्या प्रयत्नाला कनू सरळ गेली. तोवर दोघांचं बोलणं बंद झालं होतं आणि पुढच्यानं आपणहून मागच्याच्या लयीशी लय जुळवली होती.

त्यानंतर होडी उलटवायची. मुद्दाम. यावर पालकांपैकी दोघांचे चेहरे पडले, पण शिकवण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. होडीखाली अडकलं तर घाबरायचं नाही, हवेची एक पोकळी असते. बाहेर यायचं, वल्हं सोडायचं नाही, होडी धरून ठेवायची, कारण उलटलेली होडीही तरंगते आणि लांबून दिसते. मग दुसरी होडी आडवी लावायची, उलटीचं टोक तिच्यावर चढवून पाणी काढायचं, सरळ करायची, आणि बाहेर पडलेल्यानं दोन्ही हातांनी कडा दाबून आत यायचं. हे वाचायला सोपं वाटतं. करताना पहिल्यांदा प्रत्येकजण पुन्हा पाण्यात पडतो. आमच्यातली सगळ्यात गप्प मुलगी, जिला आईनं ‘तू नुसती काठावर बस’ म्हणून बजावलं होतं, ती पहिल्या झटक्यात आत चढली आणि मग इतरांना ओढून घेऊ लागली.

आपल्या कोकणच्या होड्यांना या उलटण्यावर केव्हाच तोड सापडली आहे. मालवणकडे छोट्या होडीच्या एका बाजूला दोन दांड्यांवर लाकडाचा ओंडका बांधतात, त्याला उलांडी म्हणतात. होडी एका अंगाला कलली की उलांडी पाण्यावर टेकते आणि तोल सावरते. दादाला हे ठाऊक होतं. त्यानं हसत सांगितलं, शिकायला उलांडी नको, उलांडी असली की तोल सांभाळायची सवयच लागत नाही.

रात्री तंबू. स्वयंपाक मुलांचा. पिठलं-भात करायचं ठरलं, पिठल्यात गुठळ्या झाल्या आणि त्या कुणीही बाजूला काढल्या नाहीत. भांडी कुणी घासायची ती पाळी ठरलेली. वशिला चालला नाही. कपडे आणि शिधा कोरडा राहावा म्हणून रबरी पिशवीचं तोंड तीनदा गुंडाळायचं आणि मगच कडी लावायची, हे ज्यानं ऐकलं नव्हतं त्याला रात्री ओली चादर मिळाली. मोबाइल त्या रात्रीपुरते एका डब्यात होते. कुरबुर झाली, पण नऊच्या सुमाराला तीही थांबली, कारण झोप आली होती.

सकाळी नदी वेगळीच. आदल्या संध्याकाळी जिथे दगडांवरून चालत गेलो तिथे पाणी चढत होतं. आधी दगडांमधल्या फटी भरल्या, मग बारीक खळखळ, मग मधले मोठे धोंडे दिसेनासे झाले. रॅफ्टिंगवाल्यांची वर्दळ सुरू झाली. सुमारे १२ किलोमीटरच्या या पट्ट्यात मधोमध जोरदार प्रवाह आहेत. आमच्या पोरांना तिथे होड्या घेऊन जायची परवानगी नव्हती आणि असायलाही नको. ती तो भाग गाइडच्या रॅफ्टमधून उतरली, खाली नदी संथ झाली तिथे पुन्हा आपापल्या होड्यांत बसली आणि वाहत्या पाण्यात वल्हवत गेली. वाहत्या पाण्याचा एकच कायदा त्यांना घोकून घ्यायला लावला होता: पडलात तर उभं राहायचं नाही. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे आणि वर, म्हणजे दगडाच्या फटीत अडकत नाहीत. प्रवाहात पाय अडकला आणि वरून पाणी ढकलत राहिलं तर कमरेएवढ्या पाण्यातही माणूस जातो.

मुलांना असं होड्यांवर नेणं आपल्याकडे नवं असलं तरी जगात जुनं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या हद्दीला लागून, बाउंडरी वॉटर्स नावाचा हजारावर तळ्यांचा राखीव प्रदेश आहे. तिथली शिबिरं तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना आठवडा-आठवडा कनूवर नेतात. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायला पाण्याची वाट नसते. तिथे होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि रानातून चालत जायचं. हे अंतर अजूनही ‘रॉड’मध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूची लांबी. एका गटात नऊपेक्षा जास्त माणसं आणि चारपेक्षा जास्त होड्या चालत नाहीत. तिकडे राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांच्या मुलानं हे केलंय. फोनवर त्यानं कौतुक सांगितलं ते डासांचं. आपल्याकडे एका सहलीत बसभरून पोरं कोंबायची सवय आहे. त्यापुढे नऊचा तो नियम मला तळ्यांपेक्षाही मोलाचा वाटतो.

कारण सहलींचा आपला इतिहास बरा नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेहून जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तो तलाव होता, प्रवाह नव्हता. जॅकेट असणं आणि बसणं यातही फरक आहे. पट्टे ओढून झाल्यावर खांद्याला धरून जॅकेट वर खेचायचं. ते कानापर्यंत आलं तर ते त्या पोराचं माप नाही. आमच्या पोरांनी एकमेकांची ही तपासणी केली आणि दोघांना दुसरं जॅकेट मिळालं. महाराष्ट्राचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी दाखवा म्हटल्यावर जो आयोजक ‘आमचं नाव आहे ना’ म्हणतो, त्याच्याकडे पोरं पाठवू नयेत.

पाण्याच्या खेळात मराठी मुलं कमी पडतात असंही नाही. पुण्याच्या सीओईपीची रेगाटा १९२८ पासून नदीवर भरते आणि तीत कयाकही उतरतात. आणि रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आलेला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. विहिरी खणणाऱ्या घरातला, टंचाईच्या मुलखातला मुलगा; तो सैन्यात गेला तेव्हा वल्हं त्याच्या हाती आलं. त्याच्या गावात नदीला पाणी नव्हतं. आपल्या दारात खाडी, तलाव, नदी सगळं आहे.

तेव्हा ठाणे-डोंबिवलीच्या पालकांना आणि शाळांना एवढंच सांगायचं आहे. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भिऱ्याचा उन्हाळा वाईट. २८ मार्च २०१७ ला तिथे ४६.५ अंशांची नोंद झाली होती. पावसाळ्यात पोरांना या नदीवर होड्या देऊ नका. पोहता येणं अट नाही, पण पाण्याची भीती आधी तरणतलावात घालवा. फोन करताना तीन प्रश्न विचारा: एका गाइडमागे किती मुलं, उलटण्याचा सराव कधी घेता, आणि आमच्या मुलांच्या मापाची जॅकेटं किती आहेत. उत्तरं चटकन आली तर आगाऊ रक्कम भरा. आणि पहिला दिवस संथ पाण्याचाच मागा. रॅपिड्स पुढच्या वर्षीही तिथेच असतील.